ठिपका

तार्तूमध्ये फेब्रुवारी. नदी गोठलेली.
तिसऱ्या मजल्यावर, दिवे मालवलेल्या खोलीत
लेलो विल्बास्ते सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून
ठिपके मोजते आहे.

एका पेशीत एकच ठिपका पडतो.
दोन नाही, अर्धा नाही.
तासाभरापूर्वी तिथे नुसता हिरवट धूर होता
पेशीभर पसरलेला,
साध्या कपड्यांतले शिपाई बाजारात फिरावेत
आणि कुणाच्या ध्यानातही येऊ नयेत, तसा.

मग तिने विषाचा थेंब सोडला.
पेशीतलं पोटॅशियम बाहेर झिरपू लागलं
आणि ते विखुरलेले सगळे
एकमेकांचे हात धरत
एका जागी गोळा झाले.

वेशीवरचा पहारा सगळ्यांना ठाऊक असतो.
हा आतला.
हा चोराचा चेहरा बघत नाही,
घरात काही फुटलं का, एवढंच ऐकतो.
आणि ऐकलं की
स्वतःच्याच भिंतीला भोकं पाडून
ओरडतो.
त्या ओरडण्यात घर जातं बहुतेकदा.

सत्तेचाळीस, लेलो वहीत लिहिते,
डाव्या हाताने, वाकडंतिकडं.
उजव्या मनगटावर पट्टी आहे.

रविवारी वडिलांकडे, पैप्सी तळ्याकाठी,
सौनाच्या दगडांवर पाणी ओतताना
लोखंडाला मनगट टेकलं.
चर्र झालं फक्त.
पण आत, कातडीखाली, तेव्हाच
हजारो ठिपके पडले असणार,
तिने न मोजलेले.
रात्री मनगट लाल, गरम, टम्म.
शिव्या देत तिने बर्फ धरला,
आणि शिव्या देतानाच तिला कळत होतं
की ही रक्ताची वाट रुंद होते आहे,
पाहुणे नव्हे, मजूर येत आहेत.

हिल्लारचं मात्र निराळं.
त्याच्या अंगठ्यात जखम नाही, जंतू नाही,
फक्त सुया. युरिक आम्लाच्या, काचेसारख्या,
जन्मभराच्या धुरी दिलेल्या माशांच्या, बिअरच्या.
पहारेकरी सुई गिळतो
आणि गाव गोळा करतो.
चोर सोडून संन्याशाला फाशी.
चादरीचा काठ लागला तरी हिल्लार कळवळतो,
सत्तर वर्षांचा, बर्फाला भोक पाडून
अजून जाळं टाकणारा माणूस.

"तुझ्या त्या पहारेकऱ्याला," तो फोनवर म्हणाला,
"कामावरून काढून टाकता येत नाही का?"

लेलो गप्प राहिली. तळघरातले उंदीर आठवले,
ज्यांच्यात तो पहारेकरीच नव्हता.
आतड्याला ओरखडा पडला
तेव्हा त्यांनी हाक मारली नाही.
शांत होते. पहिले दोन दिवस
तिला वाटलं, जमलं.
मग ती शांतताच सडत गेली.

कारण हाक ऐकून जे धावत येतात
ते आधी मारामारी करतात, बेशिस्त,
आपलं-परकं न बघता.
पण त्यांच्यामागून येणारे
मेलेल्यांना गिळता गिळता बदलतात.
हातातली काठी खाली ठेवतात,
ढिगारा उपसतात,
विणकरांना निरोप धाडतात.
कुठल्या क्षणी, कुणाच्या सांगण्यावरून,
हे लेलोला अजून नीट माहीत नाही.
तीन वर्षं ती हेच विचारते आहे
आणि अनुदान जूनपर्यंतच आहे.

"काढता येत नाही, बाबा," ती शेवटी म्हणाली.
"थोडं हळू बोल, एवढं सांगता येईल."
"ते तर मी तुझ्या आईलाही सांगायचो,"
हिल्लार म्हणाला, आणि हसताना
पाय कुठेतरी आपटला असावा,
कारण फोनवर बराच वेळ
नुसता श्वास ऐकू आला.

आता पहाटेचे चार.
खिडकीबाहेर बर्फ काढणारी गाडी
पिवळा दिवा फिरवत जाते.
पट्टीखाली खाज सुटली आहे,
म्हणजे भरत आलं.
खाजवायचं नाही.
लेलो दोन्ही हात यंत्रावर ठेवते,
काच किंचित सरकवते,
पुढच्या चौकोनात.

अट्ठेचाळीस.